कोरडं क्लोरिनेशन आणि क्लोरीनचं ओलं लीचिंग

तांब्याच्या सल्फाइड खनिजातून क्लोरीन वापरून तांबं काढतात, असं वाचलं की कोरडं क्लोरिनेशन (क्लोरीनशी संयोग घडवणं) आणि ओलं लीचिंग (धातू द्रावणात उतरवणं) या दोन पद्धतींची हमखास सरमिसळ होते. वायू एकच, पण तो दोन्हीकडे अगदी वेगळं काम करतो.

चाल्कोपायराइट या तांब्याच्या सल्फाइड खनिजात तांबं साधारण ३४.६ टक्के असतं. बाकी लोह आणि गंधक. या दोघांपासून तांबं सोडवायचं, हीच सगळी खटपट.

कोरड्या पद्धतीत तापवलेल्या भुकटीवरून कोरडा क्लोरीन सोडतात. इथे क्लोरीन स्वतःच धातूंना धरतो. फेरिक क्लोराइडची ३१५ अंश सेल्सियसच्या आसपास वाफ होते आणि नळीच्या थंड टोकाला त्याच्या काळसर, चमकदार पापड्या बसतात. तांब्याचं क्लोराइड बहुतेक मागेच राहतं. म्हणजे वेगळं करण्याचं काम उष्णता करते. क्लोरीन जास्त झाला तर गंधकाचंही क्लोराइड होतं. ते उग्र वासाचं द्रव हाताळणं त्रासाचं.

ओल्या पद्धतीत क्लोरीनचा खनिजाशी थेट संबंध कमीच येतो, आणि गोंधळ नेमका इथे होतो. मिठाच्या तीव्र द्रावणातलं क्युप्रिक क्लोराइड (तांब्याचं जास्त क्लोरीन असलेलं क्लोराइड) खनिज फोडतं आणि त्या झटापटीत स्वतः क्युप्रस (कमी क्लोरीन असलेलं) होऊन बसतं. क्लोरीन त्याला पुन्हा क्युप्रिक करतो. गंधक घन रूपात उरतो, गाळून काढता येतो. मात्र क्लोरीनचा मारा जास्त झाला की गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि क्लोरीन वाया जातो. फिनलंडमध्ये विकसित झालेल्या हायड्रोकॉपर प्रक्रियेत हे लीचिंग ८५ ते ९५ अंशांवर चालतं. तिथे मिठाच्या पाण्याचं विद्युत अपघटन करून क्लोरीन, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन मिळवतात आणि तिन्ही त्याच कारखान्यात वापरतात. मला ही रचना फार सुंदर वाटते.

मीठ कशाला, असं कुणी विचारलं तर हे करून दाखवावं: क्युप्रस क्लोराइडचं खारं द्रावण भरपूर साध्या पाण्यात ओतायचं. लगेच पांढरा साका बसतो. साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही.

उपकरणं निवडताना तर ही सरमिसळ जिवावर बेतू शकते. नेहमीच्या तापमानाला कोरडा क्लोरीन साध्या पोलादाच्या नळीतून नेता येतो, पण ओला क्लोरीन तीच नळी झपाट्याने खातो. टायटॅनियमचं उलटं आहे. ओल्या क्लोरीनमध्ये ते उत्तम टिकतं, कोरड्या क्लोरीनमध्ये पेट घेतं.