मराठी नावातील मधली जागा : एका निर्णयाची पार्श्वभूमी

मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासकीय कागदपत्रांत बंधनकारक करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी घेतला आणि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागू झाला. लगोलग मंत्रालयातील काही दालनांबाहेरच्या पाट्या बदलल्या आणि मंत्र्यांच्या नावांत त्यांच्या आईची नावे झळकली. चर्चा मात्र आडनावाच्या आणि जातीच्या नेहमीच्या वाटेने गेली. वास्तविक या निर्णयाने आडनावाला हातच लावलेला नाही. बदलली आहे ती मधली जागा, आणि मराठी नावाचा सर्वांत जुना, सर्वांत टिकाऊ भाग तीच आहे.

निर्णयाच्या समर्थनार्थ गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजांचा दाखला हमखास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, कारण ‘गौतमी’ आणि ‘वासिष्ठी’ ही त्या मातांची स्वतःची नावे नसून गोत्रदर्शक नावे आहेत. गौतमीचे नाव बलश्री होते, हे नाशिकच्या लेण्यातील तिच्याच शिलालेखावरून कळते. पण मुलाच्या नावात ‘बलश्री’ आलेले नाही.

आजच्या पद्धतीची मुळे त्याहून बरीच अलीकडची, म्हणजे मराठा अमदानीतील कागदपत्रांत सापडतात. तेथे माणसाची ओळख ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वलद तमुक’ अशी दिली जाई. दोन्ही शब्द अरबीतून फारसी दफ्तरामार्गे आलेले असून दोन्हींचा अर्थ मुलगा असाच आहे. ‘बाजीराव बल्लाळ’ यातील ‘बल्लाळ’ ही पदवी आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते वडिलांचे, म्हणजे बाळाजीचे नाव आहे. त्या घराण्याचे मूळ आडनाव भट, पण कागदावर ते क्वचितच उमटते. नाना फडणवीस कागदोपत्री ‘बाळाजी जनार्दन’ आहेत. भानू हे त्यांचे आडनाव पुष्कळांना ठाऊक नसते आणि फडणवीस हा तर हुद्दा. थोडक्यात, स्वतःचे आणि वडिलांचे नाव एवढ्यावर राज्यकारभार चालत होता, आणि आडनाव, म्हणजे तेव्हाचे उपनाव, गरजेपुरते लावले जाई.

स्त्रियांसाठी याच कागदांत वेगळा शब्द होता : ‘कोम’. ‘गंगाबाई कोम नारायण’ म्हणजे नारायणाची बायको गंगाबाई. इंग्रजी अमदानीतील मुंबई इलाख्याच्या न्यायनिवाड्यांतही पक्षकार स्त्रियांची नावे अशीच छापलेली आढळतात, आणि गावच्या जमीन दफ्तरात पुढे ‘भ्र.’, म्हणजे भ्रतार, हे संक्षिप्त रूप रूढ झाले. पुढे नाव लिहिताना ‘बिन’ आणि ‘कोम’ दोन्ही गळाले, त्यांनी जोडलेली नावे मात्र जागच्या जागी राहिली. त्यामुळे आज आपण ज्याला सरसकट ‘मधले नाव’ म्हणतो ते व्याकरणाच्या दृष्टीने नाव नसून नाते आहे : पुरुषाच्या बाबतीत जन्मभर एकच, स्त्रीच्या बाबतीत लग्नाबरोबर बदलणारे. दोन आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या साहित्यिकांचे दुसरे अक्षर सहसा वडिलांचे असते, याकडेही कोणाचे सहसा लक्ष जात नाही.

आडनावे सर्वांच्या नावामागे कायमची चिकटली ती एकोणिसाव्या शतकात, शाळेचे पट, कचेऱ्या आणि न्यायालये यांच्या रेट्याने. त्या रेट्यात जे हाताशी होते ते लागले : कुणाला कुळाचे नाव, कुणाला गावाला ‘कर’ जोडून, कुणाला वतनाचे, कुणाला निव्वळ टोपणनाव. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, महसुली पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून संपली, पण ही दोन्ही आडनावे आज बिनवतनी सुखाने नांदत आहेत.

मधल्या जागेचे महत्त्व बाहेरच्यांना किती अनोळखी आहे, हे २०१८ मध्ये दिसले. बाबासाहेबांचे नाव ‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’ असे पूर्ण लिहावे, असा आदेश उत्तर प्रदेश सरकारने त्या मार्चमध्ये काढला. सूचना मूळच्या मराठी असलेल्या राज्यपालांची होती आणि आधार होता संविधानाच्या प्रतीवरील सहीचा. ‘रामजी’ शब्दावरून तेथे मोठे राजकीय वादळ उठले. शब्द निवडण्यामागे कोणाचे काय हेतू होते हा भाग निराळा. पण ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या पटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली, त्यातला रामजी हा सुभेदार बाप आहे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

आईच्या नावाची वाट त्या मानाने अगदी अलीकडची आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत ते स्वतंत्र ओळीत बरीच वर्षे छापले जात होते, पण मुलाच्या नावाचा भाग म्हणून नव्हे. न्यायालये या बाबतीत प्रशासनाच्या पुढे राहिली. अविवाहित मातेला पित्याचे नाव न सांगता पालकत्व मागता येते आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले. पारपत्रासाठी आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे असल्याचे केंद्राने २०१६ च्या अखेरीस जाहीर केले. पित्याच्या मृत्यूनंतर मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार आईला आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै २०२२ मधला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या केंद्रीय दुरुस्तीने शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरला, आणि पहिल्यांदा लिहिलेल्या नावाचे वजन एकदम वाढले.

राज्याचा निर्णय या पार्श्वभूमीवर आला, आणि त्याची खरी गुंतागुंत त्याच्या बारीक अक्षरांत आहे. जन्मनोंदणीचा कायदा केंद्राचा असल्याने नोंदवहीतील बदलासाठी केंद्राशी विचारविनिमय करावा लागणार होता. अनाथ आणि तत्सम बालकांना सूट आहे. मात्र विवाहित स्त्रीच्या बाबतीत प्रचलित पद्धतच, म्हणजे तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव, चालू ठेवावी असे निर्णयातच म्हटले आहे. मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नापूर्वीचे नाव लावण्याची मुभा तेवढी दिली आहे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही; ती रूढी आहे. तिला निर्णयाने कायद्याचे रूप दिले नाही, हे मान्य केले तरी शासकीय कागदावर तिला अधिकृत जागा मिळालीच. नाव लांबते, संगणकीय अर्जांत रकाने तीनच असतात, असे आक्षेप फार घेतले गेले, पण ते किरकोळ आहेत. रकाना वाढवता येतो. ‘कोम’ची जागा शाबूत ठेवून ‘बिन’च्या जागेत आईला सामावून घेणे, हा त्यातला खरा पेच आहे.

निर्णयाच्या कक्षेतील सर्वांत मोठी मुले साधारण २०३० च्या जूनमध्ये पहिलीत जातील. प्रचलित रीत तोवर तशीच राहिली, तर त्यांच्या प्रवेश अर्जावर मुलाच्या नावात आईचे नाव असेल, आणि त्याच अर्जात खाली आईच्या पूर्ण नावाच्या रकान्यात तिच्या नवऱ्याचे.