शितावरून सोन्याची परीक्षा

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला ३,३५० टन सोनं सापडल्याची बातमी आली. म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा होतं त्याच्या सुमारे पाचपट! तिथे विषारी नाग पहारा देतात, हेही सांगून झालं. मग २२ फेब्रुवारीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा खुलासा आला: सुमारे ५२,८०६ टन खनिज, टनामागे ३.०३ ग्रॅम सोनं. गुणाकार केला की १६० किलो होतात. नाग बिचारे उगाच बदनाम झाले.

पण टनात तीन ग्रॅम आहे हे कळतं तरी कसं? पहिला साक्षीदार असतो ओढा. वरच्या डोंगरातल्या प्रत्येक खडकाची झीज तो खाली आणतो, म्हणून त्याच्या तळाचा गाळ तपासायचा. शितावरून भाताची परीक्षा.

तांबं आणि जस्त यांच्या बाबतीत ही परीक्षा छान चालते. त्यांची गंधकयुक्त खनिजं हवापाण्याने कुजतात, धातू पाण्यात विरघळतो आणि चिकणमातीला, लोहाच्या गंजाला चिकटतो. बारीक चाळणीखालची कुठलीही चिमूट घ्या, उत्तर साधारण तेच येतं.

सोनं मात्र सहसा गंजत नाही, विरघळत नाही. ते कण होऊनच वाहतं, आणि पाण्याच्या १९ पट जड असल्याने कुठल्यातरी खाचेत बसून राहतं. आता जरा हिशेब करू (मला हा भाग फार आवडतो). ०.१ मिलिमीटर व्यासाच्या कणाचं वजन भरतं साधारण ०.०१ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत तपासायला घेतात सुमारे ३० ग्रॅम गाळ. त्यात असा एक कण आला, तर अहवाल सांगणार: टनामागे ३३० मिलिग्रॅम! साध्या खडकात दोन-चार मिलिग्रॅमच असतं. समजा, ओढ्यातलं खरं प्रमाण ३३ आहे, म्हणजे नेहमीच्या दहापट आणि दखल घेण्याजोगं. तर दर दहा पुड्यांत सरासरी एकच कण येणार. नऊ पुड्या सांगतील ‘काही नाही’, दहावी सांगेल ‘खाण सापडली’. दहाही चूक!

सोनारांच्या दारची धूळ धुणाऱ्या झारेकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते चिमूट तपासत नाहीत, ढीग धुतात. भूवैज्ञानिकही तेच करतात. काही किलो गाळ घेऊन सौम्य सायनाइडच्या द्रावणात त्यातलं सोनं उतरवतात आणि द्रावण मोजतात. शिवाय आर्सेनिक शोधतात, कारण अनेक ठिकाणी ते सोन्याच्या सोबतीने असतं आणि गाळात जास्त सारखं पसरतं.

मॅग्नेसाइट या मॅग्नेशियमच्या खनिजाला यातलं फारसं लागत नाही. तमिळनाडूत सेलमजवळच्या टेकड्यांवर त्याच्या पांढऱ्या शिरा डोळ्यांनीच दिसतात. प्रश्न एवढाच, की भट्टीच्या विटांना चालेल इतका तो शुद्ध आहे का, त्यात सिलिका आणि चुना किती.

सोन्यासाठी मात्र ओढ्याच्या उगमाकडे चालत जायचं, ठरावीक अंतरावर पिशव्यांत गाळ भरत. आकडे चढत जातात आणि एका वळणानंतर एकदम पडतात. ज्या दोन पिशव्यांच्या मध्ये आकडा पडला, तिथल्या उतारावर मग मातीचे नमुने, चर आणि शेवटी बोअर. बातमी द्यायची तर ती बोअरमधला दगड तपासल्यावर.