व्यायाम निवडण्यापूर्वी : रत्नागिरीतील आमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

आमच्या व्यायामशाळेत नाव नोंदवायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘वजन किती दिवसांत उतरेल’ हा असतो. आम्ही मात्र आधी आपल्या दिवसभराच्या कामाविषयी विचारतो, कारण शरीराकडून जे रोज करून घेतले जाते त्याचाच आणखी एक तास करण्यापेक्षा, जे अजिबात घडत नाही ते करणे अधिक उपयोगाचे असते. कचेरीत आठ तास बसणाऱ्यांना भरभर चालण्याबरोबर मांड्या आणि पाठ बळकट करणारे व्यायाम लागतात. भातलावणीत दिवसभर वाकून काम केलेल्या महिलेला आणखी वाकवणे योग्य नव्हे; तिने पाठ सरळ करणारे आणि खांदे मागे खेचणारे व्यायाम करावेत. होडीवर जाळी ओढणाऱ्याच्या हातांत ताकद असतेच, पण तेथे चालायला वाव नसतो, म्हणून त्याला आम्ही डंबेलऐवजी चालायला सांगतो आणि तो बहुधा नाराज होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून किमान ३ दिवस करावेत. मध्यम गती ओळखण्यासाठी घड्याळाची गरज नाही. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की गती योग्य आहे.

चुकांपैकी सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिल्याच आठवड्यात सर्व काही करून पाहणे. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखणे स्वाभाविक असते. परंतु सांध्यात टोचल्यासारखी कळ येत असेल, सूज आली असेल किंवा दुखणे आठवडाभर टिकत असेल, तर तो व्यायाम थांबवून आम्हाला सांगावे. वजन उचलताना श्वास रोखल्याने रक्तदाब एकदम वाढतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडावा. पोटाचे व्यायाम केल्याने केवळ पोटावरचीच चरबी उतरत नाही. त्याने पोटाचे स्नायू बळकट होतात, इतकेच. घामाचेही तसेच आहे. मे महिन्यात येथे पंख्याखाली बसूनही सदरा भिजतो, त्यामुळे भिजलेला सदरा हे मेहनतीचे माप मानू नये.

या दमट हवेचा विचार मात्र करावाच लागतो. हवेत आधीच बाष्प असल्याने घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि नेहमीच्याच चालीला हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर चालावे आणि गती कमी ठेवावी. भाट्ये किंवा मांडवीच्या पुळणीवर चालणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळी घट्ट झालेली ओली वाळू निवडावी, कारण कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्यांवर आणि टाचेमागच्या शिरेवर बराच ताण येतो. गुडघे दुखत असल्यास जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढणे-उतरणे हा व्यायाम म्हणून निवडू नये. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावरचा भार उतरताना अधिक जाणवतो. अशा सभासदांना आम्ही आधी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव देतो, ज्याने मांडीचे स्नायू गुडघ्याला आधार देऊ लागतात. तेवढेही दुखत असेल, तर खुर्चीवर बसूनच पाय सरळ करायचा असतो.

पावसाळ्यात पुष्कळ सभासद जूनमध्ये थांबतात ते गणपती होईपर्यंत येत नाहीत आणि मग मे महिन्यात उचलत होते तेच वजन उचलायला जातात. सुट्टी मोठी झाली असल्यास निम्म्या वजनापासून सुरुवात करावी. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या मंडळींनी तरी खांद्यांची आणि पायांची तयारी महिनाभर आधी धरावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊनच यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. व्यायाम करताना छातीत दाब जाणवला किंवा भोवळ आली, तर ताबडतोब थांबून जवळच्या माणसाला सांगावे.

पहिल्या दिवशी येताना आपल्या नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, पाण्याची बाटली आणि घट्ट बसणारे बूट सोबत आणावेत. चपला घालून वजने उचलू दिली जात नाहीत.