जामीन झाला, जामीन मिळेना: कच्च्या कैदेमागची पार्श्वभूमी

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात 'जामीन' हा शब्द दिवसभर दोन अर्थांनी फिरत असतो. 'जामीन झाला' म्हणजे सुटकेचा आदेश निघाला. 'जामीन मिळेना' म्हणजे त्या आदेशाखाली सही करायला ऐपतदार माणूस सापडेना. वकिलाचा फोन येतो, घरचे कारागृहाच्या दाराशी जाऊन बसतात आणि संध्याकाळी बराकी बंद व्हायची वेळ झाली की परत फिरतात. झालेला जामीन पहिल्या अर्थाचा असतो, दुसऱ्याचा पत्ता नसतो. कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेल्या, कागदोपत्री 'न्यायाधीन बंद्यां'च्या हक्कांचा निम्मा इतिहास या एका शब्दात अडकलेला आहे.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ हमी घेणारा. जुन्या मराठी कागदांतही जामीन म्हणजे माणूसच. हाजीरजामीन माणूस हजर करण्याची हमी घ्यायचा, मालजामीन देणं भरण्याची, फैलजामीन वागणुकीची. इंग्रजी अमदानीतल्या फौजदारी संहितेत मात्र सुटका वेगळी, हमी घेणारा वेगळा आणि आरोपीने स्वतः लिहून द्यायचा मुचलका तिसरा. मराठीत येताना पहिल्या दोघांना एकच शब्द लागला. पुढे माणसासाठी 'जामीनदार' रूढ झाला, पण बोलण्यात दोन्ही एकच राहिले. फैलजामीनही गेला नाही. आज ज्याला 'चॅप्टर केस' म्हणतात ती तीच गोष्ट. चांगल्या वर्तणुकीचा बाँड देता आला नाही, तर गुन्हा सिद्ध न होताही माणूस आत जाऊ शकतो.

कारागृहाचा कायदा १८९४ चा. त्यात भिंती, कुलपं, काम आणि शिक्षा सविस्तर आहेत, कैद्याचा हक्क मात्र शोधून काढावा लागतो. सोलापूरला बंदिवासाचा अनुभव कारागृहाबाहेरही आला. १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आणि पुढच्या जानेवारीतल्या येरवड्याच्या चार फाशी इथे कुणाला सांगायला नकोत. कमी बोललं जातं ते त्या लॉखाली शिक्षा झालेल्यांनी मुंबई उच्च न्यायालयात मागितलेल्या दादीबद्दल. आणि त्याहून कमी बोललं जातं ते सेटलमेंटबद्दल. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली जन्मावरून गुन्हेगार ठरवलेली कुटुंबं तारेच्या कुंपणात, हजेरी देत राहिली. वस्तीचं नाव आजही तेच आहे. मुंबई प्रांताने तो कायदा १९४९ मध्ये आणि केंद्राने १९५२ मध्ये रद्द केला, पण १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नोंदवहीत जातीच्या जागी 'सराईत' बसलं. कारागृहांच्या नियमावल्यांमधल्या जातवार कामाच्या तरतुदी आणि विमुक्त जमातींना सराईत धरण्याची वहिवाट सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. कुंपण काढल्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी.

हक्कांची आधुनिक गोष्ट महाराष्ट्राच्याच एका स्थानबद्धापासून सुरू होते. साठच्या दशकात मुंबईच्या कारागृहात त्याने अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानबद्धतेच्या अटींमध्ये जी बंधनं लिहिलेली नाहीत ती अधिकाऱ्याला मनाने घालता येणार नाहीत. १९७६ मध्ये मोफत विधी साहाय्याचं कलम ३९-अ घटनेत आलं. १९७८ मध्ये आणखी एक महाराष्ट्रातलंच प्रकरण गेलं. कैद्याचं अपील चार वर्षांहून अधिक उशिरा, कारण निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही असं त्याचं म्हणणं. कारागृह म्हणे दिली, पण पोच नाही. तेव्हापासून निकालाची प्रत मोफत द्यायची आणि कैद्याची लेखी पोच घ्यायची, हा दंडक आहे. ही पोच आजही पहिली तपासायची गोष्ट. उच्च न्यायालयातल्या अपिलाची मुदत साधारण ६० दिवस, आणि उशीर माफ करून घ्यायचा तर प्रत कधी हाती पडली हे त्या पोचेवरूनच सिद्ध होतं. १९७९ मध्ये बिहारच्या कच्च्या कैद्यांचं प्रकरण आलं, विधी सेवांचा कायदा १९८७ चा पण अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्या कायद्याने कोठडीतल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. हे ठाऊक नसल्याने कारागृहातल्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडत बसणारे अजून सापडतात.

आता मूळ भांडण. १९७८ मध्येच मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या न्यायालयाने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. प्रकरण पुन्हा वर गेलं. प्रश्न असा होता की कायद्यातल्या 'जामीन' या शब्दात स्वतःच्या जातमुचलक्यावरची सुटका येते का, की जामीनदार लागतोच? उत्तर मिळालं: येते. जामीनदार हा एक मार्ग, एकमेव नव्हे. आणि परक्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणं चूक. त्या वेळच्या संहितेत 'जामीनपात्र गुन्हा' याची व्याख्या होती, नुसत्या 'जामीन'ची नव्हती. ती पोकळी १ जुलै २०२४ ला जुन्या फौजदारी संहितेच्या जागी अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने भरली. तिथे जामीन म्हणजे अटींवरची सुटका, जामीनदारासह लिहून दिलेली हमी वेगळी आणि जामीनदाराविना लिहून दिलेला मुचलका वेगळा, अशा तीन व्याख्या सुट्या लिहिल्या. शेहेचाळीस वर्षांपूर्वी निकालाने सांगितलेलं कायद्याने मान्य केलं. आदेशाचा ठरलेला मसुदा मात्र अजून 'अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचे एक किंवा दोन जामीनदार' असाच पडतो, आणि बऱ्याचदा 'स्थानिक' हा शब्द त्यात येऊन बसतो.

सोलापुरात या 'स्थानिक'ची किंमत जास्त आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा हे तालुके कर्नाटकाला लागून. सोयरीक विजयपूर-कलबुर्गीकडची, मामाची जमीन तिकडे आणि उतारा कानडीत. पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांची वडिलोपार्जित जमीन असलीच तर ती तेलंगणात, कागद म्हणजे पट्टादार पासबुक. जमीन खरी असते, पण इथल्या टेबलावर ती ओळखू येत नाही. भाषांतर जोडा, तिकडच्या तहसीलदाराकडून पडताळणी आणा, असं सांगितलं जातं आणि महिना जातो.

इथला माणूस मिळाला तरी कागद सरळ जातोच असं नाही. जामीनदाराने आधार, रेशनकार्ड, फोटो, ताजा सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, नाहीतर घरपट्टीची पावती, आणि मागितल्यास ऐपतीचा दाखला आणायचा. नोकरदार असेल तर पगारपत्रक. सातबारा पहिल्यांदा अडतो तो 'इतर हक्क' या रकान्यात. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा तिथे चढलेला असतो आणि ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर बोजा नसला तरच नवल. कर्ज कधीच फिटलेलं असतं, बोजा कमी केल्याचा फेरफार झालेला नसतो. दुसरी अडचण सामाईक खात्याची. चार भावांच्या नावावर अडीच एकर, म्हणजे जामीन राहणाऱ्याचा हिस्सा किती? तिसरी अडचण, त्याच उताऱ्यावर आधी दुसऱ्या कुणासाठी दिलेला जामीन. यंत्रमागावरच्या कामगाराकडे यातलं काहीच नसतं. आठवड्याचा पगार हातात, पगारपत्रक नाही, घर भाड्याचं. न्यायालयांची भीतीही निराधार नाही. भाड्याने उभे राहणारे जामीनदार आणि बनावट उतारे ही खरी दुखणी, म्हणूनच जुन्या फौजदारी संहितेच्या २००५ च्या दुरुस्तीने आपण किती जणांना जामीन आहोत हे जामीनदाराने प्रतिज्ञेवर सांगणं सक्तीचं केलं. पण बनावट जामीनदार पैसे देणाऱ्याला मिळतोच. गाळणीत अडकतो तो पैसे नसलेला.

त्याच दुरुस्तीत आणखी एक खुलासा आला: अटकेपासून आठवडाभरात जामीन देता आला नाही तर तो माणूस निर्धन समजावा आणि त्याला मुचलक्यावर सोडावं. हा खुलासा जामीनपात्र गुन्ह्यांपुरता आहे. अर्जात सरसकट सगळ्यांसाठी वापरला की फेटाळला जातो.

दुसरी वाट रोख जामिनाची. उच्च न्यायालयाच्या आदेशात बहुतेकदा चार आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन भरून सुटण्याची मुभा असते. ती मुदत लक्षात ठेवायची असते, कारण तोवर जामीनदार दिला नाही किंवा मुदतवाढ घेतली नाही तर पुन्हा वॉरंट. पावती पैसे भरणाऱ्याच्या नावे फाडावी. आरोपीच्या नावाची पावती असली की खटला संपल्यावर रक्कम परत घेताना नातेवाइकांना खेटे पडतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनी या सगळ्याला वेळापत्रक लावलं. आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहामार्फत कैद्याला. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने विधी सेवेच्या जिल्हा सचिवांना कळवायचं. महिन्याभरात बाँड झाला नाही तर न्यायालयाने आपणहून अट शिथिल करायची का ते पाहायचं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे उशिराचं एक कारण आहे, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आली. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडाअभावी अडकलेल्या पक्क्या कैद्याला २५,००० पर्यंत, असं मूळ योजनेत होतं. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची प्रकरणं वगळून. पैसे रोख अनामतीला चालतात. जामीनदार कुठल्याही योजनेत मिळत नाही, त्यामुळे आधी न्यायालयाकडून अट रोख रकमेत बदलून घ्यावी लागते, आणि हा अर्ज करायचा राहून जातो.

मुदतीवर मिळणारी सुटका वेगळी. दोषारोपपत्र गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामीन हा हक्क. पण तो मागावा लागतो. पहिल्या रिमांडचा दिवस मोजणीत धरायचा, हे २०२३ पासून नक्की आहे. मुदत संपल्यावर अर्ज पडला नाही आणि मधे दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. वकील एक दिवस थांबला म्हणून वर्षभर आत राहिलेले असतात. मुदत कधी संपते हे कारागृहातल्या विधी साहाय्याच्या नोंदवहीत पहिल्याच भेटीत लिहून ठेवलं तर हे टळतं.

कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याची सुटका जुनीच. नव्या संहितेने पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्यासाठी तो एकतृतीयांश केला आणि अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकावर टाकली. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे बाहेर. जुन्या प्रकरणांनाही हे लागू, असं ऑगस्ट २०२४ मध्ये ठरलं. पण त्याच कलमाचं पोटकलम दोन म्हणतं, एकापेक्षा अधिक गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर नाही. शब्दशः वाचलं तर एकाच घरफोडीत दोन कलमं लावली की माणूस बाद, आणि एकाच कलमाचं दोषारोपपत्र शोधूनही विरळाच. एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेतल्यासारखं हे पोटकलम आहे.

बाँड मंजूर झाला की सुटकेचा हुकूम कारागृहात जातो. इथे गुन्हा नंबर, वर्ष, पोलीस ठाणं, कलमं आणि वडिलांचं नाव वॉरंटशी जुळावं लागतं. तेलुगू आडनावं मराठीत तीन तऱ्हांनी लिहिली जातात, एफआयआरमध्ये एक आणि हुकुमात दुसरं. उत्तर प्रदेशात एक पोटकलम लिहायचं राहिलं म्हणून महिनाभराच्या आसपास एकाला सोडलं नाही. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला पाच लाख रुपये द्यायला लावले. दुसरं वॉरंट बाकी आहे का, हेही दारातच कळतं, म्हणून आदल्या दिवशी कारागृहातून खात्री करून घ्यावी. आणि आषाढीच्या बंदोबस्ताला पोलीस पंढरपूरला गेले की कैद्याला न्यायालयात नेणाऱ्या एस्कॉर्टला माणूस कमी पडतो, तेव्हा त्या आठवड्यातली तारीख व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, मागून घेतलेली बरी.

ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची उच्च न्यायालयातली प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली. अपिलासाठी मुंबई गाठायची गरज राहिली नाही, घरच्यांचा प्रवासखर्च कमी झाला. जामीनदाराचा प्रश्न मात्र तालुक्यातच राहिला. दुय्यम कारागृहाचा अधीक्षक म्हणजे तहसीलदार. ऐपतीचा दाखलाही तहसीलदाराच्याच सहीचा. एकाच दालनात दोन फायली असतात, एक आत असलेल्याची, एक त्याला सोडवू पाहणाऱ्याची. दुसरीचा अर्ज जामीनदाराने सेतूतून करायचा असतो आणि त्यावर कैद्याचं नाव लिहायला रकाना नसतो.