बिट अडकलं की मशीन फिरतं

फोंड्यात आमच्या घरी एसीच्या पाइपसाठी खिडकीच्या वर भोक पाडायचं होतं. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे हॅमर मशीन भराभर आत जात होतं, चौकटीवर तांबडी धूळ साचत होती. ती मध्येच राखाडी झाली, पण आमचं कुणाचंच लक्ष गेलं नाही. लिंटलचं, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईचं, काँक्रीट लागलं होतं. पुढच्याच क्षणी बिट, म्हणजे मशीनचं भोक पाडणारं टोक, आतल्या सळीत गच्च अडकलं आणि मिस्त्रींचं मनगट पिरगळलं. पंधरा दिवस त्यांना थापी धरता आली नाही.

मोटर बिटाला जेवढा पीळ देते, तेवढाच उलटा पीळ मशीनला बसतो. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेला तिसरा नियम तो हाच. बिट मोकळं फिरत असताना हा पीळ किरकोळ असतो. ते अडकलं, की मोटरचा सगळा जोर आणि आत वेगाने फिरणाऱ्या रोटरची ऊर्जा मशीनच्या अंगावर, म्हणजे आपल्या हातावर येते.

‘झटका बसला की बटण सोडू’ या भरवशावर कुणी राहू नये, असं मला कळकळीने वाटतं. मिनिटाला 600 फेरे म्हणजे सेकंदाला 10. झटका जाणवून बोट सुटेपर्यंत साधारण 0.2 सेकंद जातात. तेवढ्यात दोन फेरे होतात!

म्हणून तयारी आधीच हवी. जात्याचा खुंटा कडेला का असतो? मध्यापासून जितकं लांब धरू, तितका जोर कमी लागतो. समजा पीळ 60 न्यूटन-मीटर आहे. अक्षापासून 10 सेंटिमीटरवर धरलं तर सुमारे 60 किलो वजनाइतका जोर लागेल, 30 सेंटिमीटरवर 20 किलोइतका. बाजूचा दांडा ‘अडचण होते’ म्हणून काढून ठेवतात, पण मनगट वाचवतो तोच.

मशीन कुठे वळेल, तेही आधी ठरलेलं असतं. मागून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, मशीन उलट. म्हणजे डावीकडचा दांडा खाली जातो. जमिनीत भोक पाडताना तोच दांडा आपल्या मांडीकडे येतो. तो सुरुवातीपासून मांडीला टेकवून ठेवावा. मध्ये फट राहिली तर तेवढ्या अंतरात मशीन वेग घेतं आणि दाबाऐवजी फटका बसतो.

बरे झाल्यावर मिस्त्रींनी शिडीऐवजी परांची बांधली, दांडा लावला आणि लिंटल सोडून बाजूला भोक घेतलं. यावेळी मी खाली उभा राहून फक्त धुळीचा रंग बघत होतो. शेवटपर्यंत तांबडीच पडली.