तीन पिल्लांपैकी एक

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाबरोबर मी त्यांच्या कुत्रीला घेऊन ग्रूमिंगच्या दुकानात गेले होते. बर्फी, वय चौदा महिने, लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि कुरळ्या केसांचा पूडल यांचा संकर. लांबून पाहिलं तर पिंजलेल्या कापसाचा ढीग. टेबलावर उभी केल्यावर तिथल्या मुलाने तिच्या कानामागे बोटं घातली, आणि ती आत जाईनात. वरचे केस मऊ होते, विंचरलेले होते. खाली मात्र कातडीला धरून केसांचा जाड थर जमला होता, घोंगडीसारखा घट्ट. कंगवा चालणं शक्यच नव्हतं. शेवटी मशीन लावून सगळं मुळापासून काढलं, तेव्हा तो थर अख्खाच्या अख्खा सुटून आला. खालची कातडी लाल झालेली, काखेत ओलसर, एका मांडीच्या आत चक्क चिघळलेली.

घरच्यांनी हयगय केली नव्हती. ते रोज ब्रश फिरवत होते, पण वरच्यावर. पिल्लू देणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, "हिचे केस गळत नाहीत, त्यामुळे काही करावं लागत नाही." केस प्रत्येक कुत्र्याचे गळतात, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. साध्या लॅब्राडोरचा गळलेला केस सोफ्यावर दिसतो. कुरळ्या अंगावर तो खाली पडतच नाही, शेजारच्या केसांत अडकतो, आणि त्याचा गुंता होतो.

हे सगळं मी सांगतेय, कारण लॅब्राडूडल हा प्रकार मुळात केसांपायीच जन्माला आला.

ऑस्ट्रेलियात अंध व्यक्तींना वाटाड्या कुत्री पुरवणारी रॉयल गाइड डॉग्ज ही संस्था आहे. १९८०च्या दशकात तिथे पैदाशीचं काम वॉली कॉनरॉन पाहत होते. हवाईमधल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरॉन यांनी आधी सरळ मार्ग धरला. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, तर पूडललाच शिकवावं. तीन वर्षांत त्यांनी ३३ पूडल पारखले, पण या कामाला एकही उतरला नाही. मग १९८९ मध्ये त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ यांचे नमुने हवाईला पाठवले. नवऱ्याला त्रास झाला नाही, तो तिघांपैकी फक्त एका पिल्लाच्या नमुन्याने.

या प्रकाराबद्दल जे काही समजून घ्यायचं आहे, ते मला या आकड्यात दिसतं. एकाच आईबापांची, एकाच वेताची तीन पिल्लं, आणि त्यातलं एकच उपयोगाचं. तेसुद्धा नमुने प्रत्यक्ष तपासले म्हणून कळलं.

पुढची अडचण वेगळीच निघाली. पिल्लासाठी लोक रांगेत होते, पण सगळ्यांना जातिवंत हवं होतं, संकरित पिल्लू कुणी घेईना. तेव्हा कॉनरॉन यांनी संस्थेच्या प्रसिद्धी विभागाला वर्तमानपत्रांकडे पाठवलं: आम्ही एक खास कुत्रा तयार केला आहे, त्याचं नाव लॅब्राडूडल. पिल्लं तीच होती. नाव मिळाल्यावर मागणीचा पूर आला, आणि कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडल) या जुन्या नावाच्या जोडीला कॅव्हापू (कॅव्हलियर स्पॅनियल आणि पूडल), गोल्डनडूडल अशी नावं गाजत गेली. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण वाहिनीशी बोलताना कॉनरॉन यांनी हा आपल्या आयुष्यातला मोठा पश्चात्ताप असल्याचं सांगितलं. आपल्यामुळे लोक पैशासाठी वाटेल त्या कुत्र्याचा पूडलशी संकर करू लागले, आईबापांची तब्येतही बघत नाहीत, ही त्यांची खंत होती.

ॲलर्जी येते कुठून, ते आधी बघू. आपण म्हणतो "कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी", पण केस हा फक्त हमाल आहे. आपल्या शरीराला खटकतं ते एक प्रथिन. त्यातल्या मुख्य प्रथिनाचं नाव कॅन-एफ-१. ते कुत्र्याच्या लाळेत असतं आणि कातडीच्या कोंड्यात असतं. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, कोंड्याचे कण हवेत तरंगतात. केस गळोत न गळोत, लाळ आणि कोंडा प्रत्येक कुत्र्याला आहेच. कॅन-एफ-५ नावाचं आणखी एक प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. ज्यांना फक्त त्याचंच वावडं असतं, अशा लोकांना मादीचा त्रास होत नाही. म्हणजे अशा माणसाला "कोणती जात घेऊ?" यापेक्षा "नर की मादी?" हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये लॅब्राडूडल, पूडल अशा "ॲलर्जी न करणाऱ्या" म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचे केस आणि त्यांच्या घरांतली धूळ तपासली. या कुत्र्यांच्या केसांवर कॅन-एफ-१चं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त निघालं. लॅब्राडूडल असलेल्या घरांत जमिनीवरच्या धुळीत ते थोडं कमी होतं, पण हवेतल्या धुळीत फरक आढळला नाही. अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या घरांचा असाच अभ्यास २०११ मध्ये झाला होता, तिथेही धुळीत फरक सापडला नव्हता. एखाद्या माणसाला एखादं कुत्रं सोसतं, हे खरं आहे. हवाईच्या त्या गृहस्थांना एक पिल्लू सोसलंच की. पण ते त्या माणसाचं आणि त्या कुत्र्याचं आपसातलं जमणं आहे. जातीच्या नावावरून त्याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

मग सगळी पिल्लं सारखी का निघत नाहीत? हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. हायब्रिड ज्वारी १९६०च्या दशकात आली तेव्हापासून त्याला माहीत आहे की बियाणं दरवर्षी नवं विकत आणावं लागतं. घरचं हायब्रिड पेरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, एक ताट उंच, एक बुटकं. संकराच्या पहिल्या पिढीत दोन्ही बाजूंची जनुकं जोडीने असतात. दुसऱ्या पिढीत पत्ते पिसावेत तशी ती पुन्हा वाटली जातात.

कुत्र्यांच्या केसांचे बहुतेक प्रकार तीन जनुकांच्या वेगवेगळ्या जुळणीतून होतात, हे २००९ मध्ये उलगडलं. एक जनुक केस लांब की आखूड ते ठरवतं, दुसरं सरळ की कुरळे, आणि तिसरं दाढी-मिशा आणि झुपकेदार भुवया देतं. टेडी बेअरसारखा तो चेहरा या तिसऱ्या जनुकामुळे आहे. ते प्रभावी आहे, त्याची एक प्रत मिळाली तरी पुरते. लॅब्राडोर आणि पूडल यांच्या पहिल्या पिढीत ती एक प्रत प्रत्येकाला मिळते, म्हणून सगळी पिल्लं झुपकेदार. अशा दोन लॅब्राडूडलना एकत्र आणलं की सरासरी चारांतलं एक पिल्लू ती प्रत न मिळताच जन्मतं: तोंड गुळगुळीत, केस जवळजवळ लॅब्राडोरसारखे, आणि भरपूर गळणारे. जाहिरातीत "एफ-वन", "एफ-वन-बी" असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. एफ-वन म्हणजे पहिली पिढी, एफ-वन-बी म्हणजे त्या पिढीचा पुन्हा पूडलशी संकर. ही अक्षरं पिढी सांगतात. तब्येतीबद्दल एक शब्दही सांगत नाहीत.

तब्येतीचा दावा मात्र सर्रास होतो. संकरित म्हणजे काटक, असं सांगितलं जातं. यामागचं विज्ञान खोटं नाही. बरेच आनुवंशिक आजार अप्रभावी असतात, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच होतात. दोन वेगळ्या जातींत वेगवेगळ्या प्रती बिघडलेल्या असतील, तर पिल्लू वाचतं. सगळी मदार या "वेगवेगळ्या"वर आहे. लॅब्राडोर, पूडल आणि कॉकर स्पॅनियल या तिन्ही जातींत डोळ्याच्या पडद्याचा एकच आजार आढळतो. पीआरसीडी नावाच्या जनुकातला एकाच अक्षराचा बदल, तिघांतही तोच. दोन्ही बाजूंनी तो आला तर कुत्र्याला आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग हळूहळू दिवसाचंही. लॅब्राडूडल किंवा कॉकापू म्हणून यातून सुटका नाही. खुब्याचे सांधे नीट न बसण्याचा आजारही लॅब्राडोर आणि मोठा पूडल दोघांतही आहे. तो तर अनेक जनुकांचा खेळ असल्यामुळे एका संकराने पुसला जात नाही.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. एकूण ९,४०२ कुत्री, ५७ सर्वसाधारण आजार, माहिती मालकांनी भरलेली. ८६.६ टक्के तुलनांमध्ये काहीच फरक निघाला नाही. उरलेल्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी संकरित कुत्र्यांना आजाराचा धोका जास्त होता, निम्म्या ठिकाणी कमी. म्हणजे संकरित कुत्री जास्त आजारी असतात असंही नाही, जास्त काटक असतात असंही नाही.

हे वाचून जातिवंत कुत्र्यांच्या कैवाऱ्यांनी खूश होऊ नये. ज्यांना आपण शुद्ध जाती म्हणतो त्यातल्या अनेकांच्या वंशवह्या १९व्या शतकाच्या उत्तरार्धात उघडल्या आणि पुढे बंद केल्या गेल्या. ब्रिटनचा केनेल क्लब, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था, १८७३चा. वही बंद म्हणजे बाहेरचं रक्त बंद. मग त्याच घराण्यांत पुन्हा पुन्हा पैदास होते आणि बिघडलेल्या प्रती एकमेकींना भेटत राहतात. कॅव्हलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या गोड चेहऱ्याच्या जातीत हृदयाच्या झडपेचा आणि कवटी-मणक्याचा आजार इतका पसरला आहे, की नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिथली त्यांची पैदास प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात ठरवली. शास्त्रीय आखणी करून दुसऱ्या जातीशी संकर हाच अशा जातीला वाचवण्याचा मार्ग असू शकतो.

संकर असा कसा करावा, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण डाल्मेशियनचं आहे. ठिपक्यांच्या या जातीत प्रत्येक कुत्र्यात एक जनुक बिघडलेलं होतं. त्यामुळे लघवीत युरिक ॲसिड साठायचं आणि अनेकांना खडे व्हायचे. प्रत्येक कुत्र्यात, म्हणजे जातीच्या आत चांगली प्रत उरलेलीच नव्हती. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी संकर केला, फक्त एकदा. त्यानंतर दर पिढीत चांगली प्रत असलेली पिल्लं लघवीच्या तपासणीने निवडायची आणि त्यांचा पुन्हा डाल्मेशियनशीच संकर करायचा. काही पिढ्यांत दिसायला पूर्ण डाल्मेशियन, पण हा दोष नसलेली कुत्री तयार झाली. अमेरिकेच्या केनेल क्लबने १९८१ मध्ये त्यांतली दोन नोंदवली, मग शुद्धतेच्या आग्रहापायी दार लावून घेतलं, ते थेट २०११ मध्ये पुन्हा उघडलं. तीस वर्षं! तेवढ्या काळात किती कुत्र्यांनी खड्यांच्या कळा सोसल्या असतील, या विचाराने मला आजही राग येतो.

शायबल यांनी संकर केला आणि चांगलं केलं, कारण प्रत्येक पिल्लाची तपासणी होती, प्रत्येक पिढीची नोंद होती, आणि हेतू कुत्र्याचं दुखणं घालवण्याचा होता. मग एखाद्या पिल्लाच्या बाबतीत विचारायचं ते हेच: आईबापांचे खुब्याचे एक्स-रे काढले आहेत का? डोळ्यांची डीएनए चाचणी झाली आहे का? आणि आई कुठे आहे?

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याचा स्वभाव घडवतो. माणसांचे आवाज, स्पर्श, भांड्यांचा खणखणाट, हे सगळं जगाचा भाग आहे हे ते तेव्हा शिकतं. आईजवळ, भावंडांत दंगा करताना किती जोराने चावायचं तेही शिकतं. पिंजऱ्यात वाढलेलं, पाचव्या-सहाव्या आठवड्यात आईपासून तोडलेलं पिल्लू पुढे प्रेशर कुकरच्या शिट्टीलाही थरथरू शकतं. आणि आईचे हाल तर कुणालाच दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये लुसी नावाची एक कॅव्हलियर मादी पिल्लांच्या अशाच कारखान्यातून सोडवली गेली, सतत वेतं काढून शरीर पार मोडलेलं. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून लागू आहे. सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या विक्रेत्याकडून घेता येत नाही. जिथे जन्मलं तिथेच, आईसोबत बघून घ्यायचं.

आपल्याकडेही २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाखालच्या मादीपासून पैदास करता येत नाही. नोंदणीचा कागद मागणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे आणि दोन मिनिटांचं काम आहे. ते न करता आपण फोटो बघून आगाऊ रक्कम पाठवतो. बर्फी या घरी आली ती अशीच, महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये, चपलांच्या खोक्यातून, सहा आठवड्यांची. आई कुठे, ते या कुटुंबाने विचारलं नाही. त्यांना दोष द्यायची माझी इच्छा नाही. तसं विचारायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मशीन मारल्यावर बर्फी अर्ध्या आकाराची दिसायला लागली. आता तिचे केस बोटाच्या पेरापेक्षा वाढू देत नाहीत. घरातला बारा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी स्टीलचा कंगवा घेऊन बसतो, भांग पाडावा तसे केस दोन बाजूंना करून कातडी दिसेपर्यंत विंचरतो, मग पुढचा भांग. पीआरसीडीच्या चाचणीसाठी तिच्या गालाच्या आतून घेतलेला नमुना पाठवलाय, अहवाल यायचाय. तोवर तो मुलगा रात्री गॅलरीतला दिवा घालवतो आणि अंधारात चेंडू टाकतो. काल मी तिथे होते. चेंडू कुंड्यांच्या मागे गेला. बर्फी क्षणभर थांबली, मग सरळ कुंड्यांमधून वाट काढत गेली आणि चेंडू घेऊन आली. मुलाने पुन्हा टाकला.