दिवाळीनंतर कॉलेजच्या गॅलरीचं कुलूप निघतं, त्यामागची गोष्ट

दिवाळीची सुट्टी संपली की ठाण्यातल्या आमच्या आर्ट कॉलेजच्या गॅलरीचं कुलूप निघतं आणि मग मार्चपर्यंत दर पंधरा दिवसांनी तिथे काहीतरी नवीन लागलेलं असतं, आधी शिक्षकांचं काम, मग आउटडोअरची लँडस्केप्स, जानेवारीत वार्षिक प्रदर्शन आणि शेवटी फायनल इयरचा डिस्प्ले. मी तिथला जुना विद्यार्थी, चित्रं टांगायला अजून जातो. यंदा एका पालकांनी विचारलं की खऱ्या गॅलऱ्या तर मुंबईत काळा घोड्याला आहेत, इथे कॉलेजात मुलांचा सराव म्हणून लावता ना? मी त्यांना म्हटलं सराव नाही हो, पण उभ्या उभ्या सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. मुंबईत आर्ट स्कूल आधी आलं, कलाकारांची सोसायटी नंतर आली आणि आज आपण जिला गॅलरी म्हणतो ती सगळ्यात शेवटी आली.

सुरुवात ठाण्याच्या ओळखीच्या सालापासूनच करतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्याच १८५३ मधे सर जमशेटजी जीजीभाईंनी मुंबईत कलाशाळा काढायला एक लाख रुपये देऊ केले. दोन वर्षं आधी, १८५१ ला, लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानातल्या कारागिरांचं काम बघून तिकडचे लोक थक्क झाले होते, आणि ही कारागिरी टिकवायला, तिला ड्रॉइंगची शिस्त द्यायला शाळा हवी असा विचार तेव्हा जोरात होता. १८५७ च्या मार्चमधे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधे ड्रॉइंगचे वर्ग सुरू झाले, तेच आपलं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. स्वतःची इमारत मिळायला १८७८ उजाडलं. म्हणजे शाळा निघाली ती चित्रकार घडवायला नव्हे, हाताने काम करणारी माणसं घडवायला, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण त्या मुलांचं काम सगळ्यात आधी लोकांना दिसलं ते फ्रेममधे नाहीच, दगडात दिसलं. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ ला तिथे शिकवायला आले, क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांची. आणि १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत व्हीटीची, म्हणजे आजच्या सीएसएमटीची, इमारत उभी राहिली तेव्हा तिच्या नक्षीकामावर जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी काम केलं. ती पानं, ते प्राणी, ते पक्षी. रोज सकाळी ठाण्याहून फास्ट पकडून सीएसएमटीला उतरणारा माणूस घाईत असतो म्हणून, नाहीतर विद्यार्थ्यांचं काम तो रोज डोक्यावर घेऊनच बाहेर पडतोय.

भिंतीवरच्या प्रदर्शनाची सवय लागली ती १८८८ ला बॉम्बे आर्ट सोसायटी निघाल्यावर. सुरुवातीला त्यात बहुतेक साहेब लोक, पण दरवर्षी प्रदर्शन, बक्षिसं, पदकं हा क्रम बसला आणि जे.जे.ची मुलं त्यात कामं द्यायला लागली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० ला जे.जे.त आले, १८९५ ला सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं, एकूण एक्केचाळीस वर्षं त्याच संस्थेत काढली. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती गणपतराव म्हात्र्यांची गोष्ट. १८९६, हा मुलगा अजून जे.जे.त शिकतोय, आणि तो प्लास्टरमधे पूजेला निघालेली एक मराठी बाई घडवतो, मंदिरपथगामिनी. नऊवारीच्या चुण्या, अंगाला बसलेला पदर, चालता चालता क्षणभर थांबल्यासारखा देह. कॉलेजातल्या पोराचं काम, पण त्यावर देशभर लिहिलं गेलं, रवींद्रनाथ टागोरांनी लेख लिहिला. त्यामुळे विद्यार्थ्याचं काम म्हणजे अर्धवट काम असं कोणी बोललं की मी म्हात्र्यांचं नाव घेतो.

पुढचं थोडक्यात. १९१८ ला आर्ट सोसायटी ऑफ इंडिया निघाली, १९३७ ला चित्रकार अमृता शेरगिलना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, १९४७ ला सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या कलाकारांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला आणि १९४९ ला त्यांचं प्रदर्शन लागलं ते सुद्धा रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच जागेत, कारण दुसरी चांगली जागा होती कुठे. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ ला. १८५७ आणि १९५२, मधे पंचाण्णव वर्षं, आणि ती सगळी वर्षं शाळा आणि सोसायट्यांनी ओढली.

१९६५ ला कला संचालनालय झालं, राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो हे गावोगावच्या आर्ट कॉलेजांना माहीत आहेच. आणि एलिमेंटरी, इंटरमीजिएट! शाळेतल्या या चित्रकला परीक्षांचा उल्लेख केल्याशिवाय ही गोष्ट पुरी होऊच शकत नाही, कारण आमच्या गॅलरीत येणारे निम्मे लोक स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन या चार पेपरांतून गेलेले आहेत, त्यांना चित्रासमोर उभं राहायची भीती वाटत नाही.

आता सीझन हिवाळ्यातच का. शैक्षणिक वर्ष जूनला सुरू होतं, दिवाळीपर्यंत पहिल्या टर्मचं काम हातात येतं, हे एक. पण खरं कारण पाऊस. ज्याने ऑगस्टमधे ठाण्यात वॉटरकलर केलंय त्याला विचारा, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, लावला की वाळतच नाही, दुसरा रंग टाकला की सगळं एकमेकांत पळतं, माउंट केलेला कागद पोटासारखा फुगतो, आणि काचेच्या आत बुरशीचे पिवळट ठिपके येतात ते परत निघत नाहीत. आमच्या गॅलरीची उत्तरेकडची भिंत सप्टेंबरपर्यंत ओली लागते, हाताने चाचपून बघतो आम्ही, कोरडी लागली की मगच खिळे. नायलॉनची दोरी, लेव्हल बॉटल, मास्किंग टेप आणि एक जण लांब उभा राहून "डावीकडून जरा खाली" म्हणणारा, एवढ्यावर अख्खं प्रदर्शन लागतं.

माझ्या वेळी चित्र लोकांना दाखवायचं म्हणजे ते मुंबईला न्यायचं. तीन बाय चार फुटाचा कॅनव्हास जुन्या चादरीत गुंडाळून लगेजच्या डब्यात उभा धरायचा, भाजीच्या पाट्यांच्या मधे, आणि दादरपर्यंत नजर काढायची नाही. नवी मुंबईकडे तर अजून लांबचा वळसा होता. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, बेलापूरला वास्तुकार चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज बांधलं, छोट्या चौकाभोवती सात सात घरं, कलाकारांनी राहावं म्हणून नावच तसं. पण लोकल वाशीला पोचली १९९२ ला आणि ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर सुरू झाली २००४ ला. त्यानंतर ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळची मुलं आमच्याकडे शिकायला यायला लागली आणि प्रदर्शनाला त्यांचे घरचे लोक यायला लागले, गर्दीचा चेहराच बदलला. कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे, त्याचाही मोठा आधार झाला. पण कॉलेजच्या गॅलरीत एक गोष्ट होते ती दुसरीकडे मी पाहिली नाही, इथे चित्र बघायला येणारा माणूस चित्रातल्या जागेवरचाच असतो.

मागच्या डिसेंबरात लँडस्केपचं प्रदर्शन होतं. सेकंड इयरच्या एका मुलाने खाडीचं वॉटरकलर लावलं होतं, ओहोटीची वेळ, पुढे राखाडी चिखल, मागे पूल, आणि मधे एक होडी, रंग फार सुंदर टाकलेला. चेंदणी कोळीवाड्यातले एक काका बाजार करून जाताना आत आले, हातात पिशवी तशीच, त्या चित्रासमोर बराच वेळ थांबले आणि मग त्या पोराला बोलावून म्हणाले, "बाळा, पाणी उतरलंय ना? मग होडी सरळ कशी उभी राहील? ती चिखलात कुशीवर पडते." पोरगं गप्प. आम्ही शिक्षक, जुने विद्यार्थी, तीन वेळा ते चित्र हाताळलं होतं, लेव्हल लावून टांगलं होतं, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो मुलगा भरती-ओहोटीची वेळ बघून काकांबरोबर खाडीवर गेला, पाट आणि कागद घेऊन, आणि मार्चच्या डिस्प्लेत त्याची नवीन सहा चित्रं लागली त्यात होड्या सगळ्या कुशीवर आहेत, दोऱ्या सैल पडलेल्या, एकीच्या तळाचा निघालेला रंग सुद्धा दिसतो.